रोज एक पाहुणा

१९८३ साल. मी चौतीस वर्षांचा होतो. फौजेतून सुटून दिल्लीतच एका मंत्रालयात स्टाफ कारवर ड्रायव्हर लागलो होतो आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नुकताच राहायला आलो होतो. सकाळी समोरच्या ब्लॉकमधून एक गृहस्थ खाली उतरले. स्कूटर डाव्या अंगावर कलती केली, थंडीत तेव्हाच्या स्कूटरी असं केल्याशिवाय उठायच्या नाहीत, आणि पाच-सहा किका मारून सुरू केली. मग एक बोट वर करून माझ्याकडे पाहिलं. ओळख नाही, काही नाही; मी मराठी आहे एवढं कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाले, "आज पाहुणा आलाय."

मी म्हटलं, अच्छा, कोण आलंय?

"रिलक्टंट."

मला वाटलं, कोणी साऊथकडचे साहेब असतील.

पाहुणा म्हणजे इंग्रजी शब्द. रोज एक. साधा नाही, चांगला अवघड, ऑफिसात कोणी वापरत नाही असा. तो सकाळी आला की दिवसभर त्याला आपल्याबरोबर हिंडवायचं, चारचौघांत बसवायचं आणि संध्याकाळी घरी परतायच्या आत एकदा तरी कामाला लावायचं, हा त्यांचा नेम. लिहून ठेवायचे नाहीत. म्हणायचे, लिहिलेला पाहुणा ओट्यावरच बसून राहतो, घरात येत नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. कुणी तिकिटं जमवतो, कुणी पेन जमवतो. हे शब्द जमवायचे. पण तिकिटं दाखवायला माणूस लागतो तसा यांनाही लागायचा, आणि तो मी झालो. आमचं ऑफिस एकच निघालं. ते यूडीसी, म्हणजे वरच्या श्रेणीचे कारकून, मी ड्रायव्हर. त्यांच्या स्कूटरवर मागची सीट रिकामी जायची आणि मला बसमध्ये लोंबकळत जावं लागायचं. त्यामुळे ठरलं. भाडं एवढंच की प्रत्येक लाल दिव्याला पाहुणा ऐकायचा.

पहिल्याच दिवशी म्हणाले, म्हणून बघा. मी म्हटलं, मी म्हणणार नाही. का, तर नाही म्हणणार. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण कुणाच्या पाठीमागे बसून पोपटासारखं बोलायला मला जमायचं नाही. फौजेत साहेबांनी इंग्रजीत शिव्या दिल्या, त्यासुद्धा मी मराठीतच ऐकून घेतल्या होत्या.

"नका म्हणू, ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले. "पण मागे बसलेल्याला कान बंद करता येत नाहीत."

ते मला ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. आधी मला ती चेष्टा वाटली. मग कळलं की ते सगळ्यांनाच साहेब म्हणतात, हातगाडीवरच्या रेहडीवाल्यालासुद्धा.

रेहडीवाल्याचं सांगतो. सेक्टरच्या मार्केटबाहेर एक भाजीवाला उभा राहायचा. एका संध्याकाळी त्या दिवसाच्या पाहुण्याला, फ्लॅसिड म्हणजे मऊ पडलेला, कामाला लावायचं राहून गेलं होतं आणि घर तर जवळ आलं. यांनी स्कूटर थांबवली, भेंडी हातात घेतली आणि म्हणाले, "भैया, ये भिंडी फ्लॅसिड है." भाजीवाल्याने भेंडीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "बाबूजी, फ्लॅसिड तो कल वाली थी. ये आज की है." यांना एवढा आनंद झाला की भेंडी घेतलीच, वर दोडकी घेतली, कोबी घेतला. वाटेत म्हणाले, बघा, माणसाने शब्द उचलला. मी मागे पिशव्या धरून बसलो होतो. माझ्या मनात आलं, तो उद्या साऱ्या गिऱ्हाइकांना भेंडी फ्लॅसिड नाही म्हणून सांगेल. त्याने सांगितलंच. आमच्या ब्लॉकच्या बायका बरेच दिवस फ्लॅसिड नसलेली भेंडीच मागत होत्या.

खालच्या मजल्यावरचे पंजाबी सरदारजी त्यांना डिक्शनरी साब म्हणायचे. गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांपासून सगळे तेच म्हणायला लागले. त्यांना राग यायचा नाही.

ऑफिसात मात्र या शब्दांचा त्यांना काही फायदा झाला नाही. सरकारी फाइलीचं इंग्रजी ठरलेलं असतं. तेच दहा-बारा वाक्प्रयोग, पिढ्यान् पिढ्या. त्यात यांनी एकदा पाहुणा घुसवला. साहेबाने त्या शब्दाला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, सोपं इंग्रजी वापरावं. मला वाटलं, आज हे खचणार. पण परतताना गडी खुशीत होता. म्हणाले, "गोल करायच्या आधी साहेबाने कपाटातून डिक्शनरी काढायला लावली. शिपायाने मला सांगितलं." खात्याच्या परीक्षेला ते पुष्कळदा बसले. पेपरात ठरलेलं इंग्रजी लागायचं आणि हे आपले पाहुणे घेऊन जायचे. पास झाले नाहीत. रिटायर व्हायच्या जरा आधी सीनिऑरिटीवर असिस्टंट झाले, तेवढंच.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मोतीबागच्या सिग्नलला. नवीन नोकरीत होते, एका साहेबापुढे फाइल धरून उभे होते. साहेबाने समोरच्या साहेबाला यांच्याकडे मान करून एक शब्द सांगितला आणि दोघं हसले. यांना वाटलं, कौतुक असेल. हेही हसले. शब्द होता ऑब्सिक्वियस. तो तोंडात धरून रविवारी दर्यागंजला गेले, फुटपाथवर जुनी डिक्शनरी विकत घेतली आणि तिथेच उन्हात बसून पानं उलटत राहिले. सापडला तेव्हा दुपार झाली होती. लाळघोट्या.

"मी हसलो हो," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर उभा राहून हसलो."

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. तरी त्यांनी स्कूटर पुढे घेतली नाही.

आता वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल.

वहिनी वऱ्हाडातल्या, सातवी शिकलेल्या. हिंदी त्या दिल्लीत आल्यावर रेहडीवाल्यांकडून शिकल्या. बाहेर शब्दांत डुंबणारा हा माणूस घरी मुका असायचा. दिवसभर पाहुण्याला हिंडवून दमलेला, घरात पाय टाकला की गप्प. हं. वाढ. राहू दे. दिवा बंद कर. वाईट वागायचे नाहीत, हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. फक्त बोलायचे नाहीत. दोरीवर कपडे वाळत घालताना वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "यांच्याकडे जगाचे शब्द आहेत, माझ्या वाट्याला चार." बायकोने मला सांगितलं. मी म्हटलं, आपण मध्ये पडायचं नाही. वहिनी असंही म्हणाल्या होत्या म्हणे, की रिटायर झाल्यावर बोलतील. तेव्हा कुठे जायचं नसेल, मग माझ्याशीच बोलतील.

मुलगी एकच. ती केंद्रीय विद्यालयात जायची. ती लहान होती तोवर रात्री जेवताना पाहुणा तिच्या पानाशी बसायचा. तिने त्याचं वाक्य करून दाखवायचं. ती झकास करायची, आणि मग हे तिच्याशी खूप बोलायचे, घास हातात तसाच. दहावीत असताना तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. यांनी हौसेने त्यांच्यापुढे एक पाहुणा आणला. उच्चार बरोबर नव्हता. डिक्शनरीत बघून शिकलेल्याचा कसा असणार? मैत्रिणी हसल्या आणि त्यांच्याबरोबर पोरगीही हसली. पोरच ती. पण त्या दिवसापासून तिच्या पानाशी पाहुणा आला नाही. तिच्याही वाट्याला मग चारच शब्द. अभ्यास झाला का, फी भरली का. मला ते म्हणाले होते, "ती हसली, ड्रायव्हरसाहेब. हसायचं नसतं तिथे हसली."

रिटायर झाल्यावर त्यांनी द्वारकेला एका सोसायटीत तळमजल्यावर फ्लॅट घेतला. काही वर्षांनी मीही सुटलो आणि माझा मुलगा पालमला राहतो त्याच्याकडे आलो. चालत जाण्याएवढं अंतर. स्कूटर विकली होती. आम्ही सोसायटीच्या बागेत बाकावर बसायचो. डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. ते बोट वर करून थांबायचे, विमान गेलं की पाहुणा सांगायचे. मी अजूनही म्हणत नव्हतो.

घरी त्यांचं बोलणं वाढलं नाही. वहिनींनी वाट पाहिली आणि मग त्या टीव्ही लावून बसायला लागल्या.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा नुसते डोळे हलत होते. मुलगी गुडगावला कंपनीत, नवरा-मुलांचा संसार, ती रविवारी यायची. बाकीचे दिवस वहिनी आणि एक आया. मी रोज सकाळी जाऊन बसायचो. काय करणार बसून? पेपर हातात धरायचा, पानं उलटायची.

एके सकाळी मी घरून निघायच्या आतच वहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. ते बोलले. इंग्रजीत बोलले."

मी गेलो. वहिनी पेज भरवत होत्या. ते तोंड फिरवून छताकडे बघत होते. जीभ जड, पण शब्द स्पष्ट. रिलक्टंट. पुन्हा, रिलक्टंट.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चमचा तसाच. "काय म्हणतात?"

हा मला ठाऊक होता. माझी त्यांची ओळखच त्याने झाली होती. म्हटलं, मन नाही म्हणतात वहिनी, पेज नको वाटते. वहिनींनी वाटी खाली ठेवली. "मग काय हवं, विचारा ना त्यांना," म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. डोळे पदराने पुसत होत्या आणि हसत होत्या.

त्या दिवसापासून शब्द यायला लागले. मराठी एकही नाही. हिंदी नाही. आईबापांनी शिकवलेलं सगळं गेलं आणि लाल दिव्यांना मला ऐकवलेले पाहुणे तेवढे मागे राहिले. सकाळी उजाडल्यावर तासभर यायचे, मग ते थकून झोपायचे. आणि वहिनी मला विचारायच्या, काय म्हणतात. त्यांना वाटायचं, इतकी वर्षं मी मागे बसून ऐकलंय, मला सगळे अर्थ पाठ असणार.

मला मोजकेच ठाऊक होते. बाकी कानावरून गेलेले. वहिनींना म्हणता आलं असतं, मला माहीत नाही. पण हे वाक्य मी कधी कुणापुढे म्हटलेलं नाही. साहेबाने रस्ता विचारला तरी नाही. रस्ता माहीत नसला तरी गाडी चालती ठेवायची. तेव्हा मी चालती ठेवली. ते म्हणाले, अ‍ॅम्बिव्हॅलंट. मी म्हटलं, पांघरूण गरम होतंय, जरा काढा. ते म्हणाले, मॅग्नॅनिमस. मी म्हटलं, कालचं पिठलं चांगलं झालं होतं, म्हणतात. वहिनी चकित झाल्या. त्यांच्या पिठल्याला आजवर चांगलं-वाईट कोणी काही म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. "मग तेव्हाच नाही का सांगायचं," म्हणाल्या.

खाटेवरून त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तोंडाची डावी बाजू जरा हलली. हसले, की झटक्याचा वाकडेपणा होता, ते मला सांगता येणार नाही.

हळूहळू वहिनी सकाळी इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून खाटेजवळ बसायला लागल्या. टीव्ही बंद. वहिनींनी बोलायचं, त्यांनी शब्द टाकायचा, मी सांगायचं. मी मोठं काही बोलत नसे. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवल्यासारखं. चहात आलं जास्त झालं. खिडकी उघडा. ती निळी साडी बरी दिसते. पण वहिनींकडे एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं. एके दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, विचारा त्यांना. माझी आई गेली तेव्हा मी एकटी गेले. हे का नाही आले?"

मी विचारलं नाही, ते ऐकतच होते. मग म्हणाले, इनेव्हिटेबल.

वरून विमान जात होतं. ते पुरतं जाईपर्यंत मी थांबलो. मला खरं ठाऊक होतं, त्या वेळी स्कूटरवर त्यांनी मला सांगितलं होतं. घरी सांगितलं होतं, रजा मिळाली नाही. मी म्हटलं, "वहिनी, ते म्हणतात, रजा मागितलीच नव्हती. त्या आठवड्यात खात्याची परीक्षा होती. तुम्हाला खोटं सांगितलं, म्हणतात."

वहिनींनी त्यांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली. "ठाऊक होतं मला," म्हणाल्या. "फक्त यांनी सांगायला हवं होतं." मग त्या उठल्या, त्यांची उशी सरळ केली आणि चहा टाकायला आत गेल्या.

मुलीला हे एका रविवारी कळलं. ते म्हणाले, डिट्रिमेंटल, आणि मी वहिनींना सांगितलं की नातवंडांना घेऊन ये म्हणतात. मुलगी दारात उभी होती. मी निघालो तेव्हा गेटपर्यंत आली.

"काका, हे काय चाललंय? त्या शब्दाचा असा काही अर्थ नाहीये."

मी म्हटलं, असेल.

"तुम्ही आईला फसवताय. मी डॉक्टरांना विचारलंय. ते शब्द नुसते येतात. टेप लागल्यासारखे. बाबा काहीच म्हणत नाहीयेत. बिल्कुल काही नाही."

"तुझा डॉक्टर त्यांच्या स्कूटरवर मागे बसला होता का?"

"काका, प्लीज. हा जिद्दीचा विषय नाहीये."

मी म्हटलं, नसेल, पण मी उद्या येणार. ती रडकुंडीला आली होती. मी तसाच चालत घरी आलो. मला तिचं चुकलं असं वाटलं नाही. माझं चुकलं असंही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तिने त्याच रात्री आईला सगळं सांगितलं. हे मला दुसऱ्या दिवशी वहिनींनीच सांगितलं, चहा देताना. मी कप हातात धरून बसलो. वाटलं, आता उद्यापासून यायचं नाही. वहिनी नेहमीच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. खाटेवरून शब्द आला. कुठला ते आठवत नाही.

"काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं.

असं ते वर्षभर चाललं असेल. नंतरच्या थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. ताप उतरेना. गिळणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात न्या, नळी घालावी लागेल. नळी घालून किती दिवस, हे मात्र सांगेनात. मुलगी रजा घेऊन आली होती. बाहेर धुकं इतकं की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. ती फोन कानाला लावून खिडकीशी उभी होती, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला सोसायटीचा पत्ता सांगत होती.

मी खाटेजवळ होतो. वहिनी पलीकडे, त्यांचा डावा हात हातात घेऊन. त्यांनी डोळे उघडले. ओठ हलले. आवाज नव्हताच जवळपास, श्वासच होता. तरी पाहुणा ओळखू आला. एक्झ्युबरंट.

मी तोंड उघडणार, एवढ्यात वहिनींनी हात वर केला.

"थांबा भाऊजी. आज मी सांगते."

मुलगी वळली. फोन कानालाच होता.

"म्हणतात, आता पुरे झालं," वहिनी म्हणाल्या. "मला कुठे नेऊ नका, म्हणतात. इथेच राहू द्या."

मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. मुलीला होता. तिच्या चेहऱ्यावर तो मला दिसला. तो काय होता ते मी तिला विचारलं नाही, पुढेही कुणाला विचारलं नाही. पण एवढं कळलं की वहिनींनी सांगितलेल्यापासून तो कोसभर लांब होता. ती आईकडे बघत राहिली. आई तिच्याकडे. फोनवर पलीकडचा माणूस हॅलो मॅडम, हॅलो मॅडम करत होता.

"भैया, रहने दीजिए," ती फोनमध्ये म्हणाली. "अब ज़रूरत नहीं है."

मग ती येऊन खाटेच्या पायथ्याशी बसली आणि वडिलांचे पाय पांघरुणावरून दाबायला लागली. असं तिला करताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. धुक्यामुळे त्या दिवशी विमानंही थांबलेली होती. घरात फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज. दुपारी तोही थांबला.

संध्याकाळी द्वारकेच्याच स्मशानात नेलं. सोसायटीतली दहा-पंधरा माणसं आली, ऑफिसातले दोन म्हातारे आले. सरदारजी आता मुलाकडे असतात, त्यांना कोणी कळवलं कोण जाणे, तेही काठी टेकत आले. जावयाने अग्नी दिला. वहिनी घरी होत्या. मी परत जाताना दारातून डोकावलो. त्या खुर्चीतच बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. मी आत गेलो नाही. मला आत कशाला जायचं होतं? आता सांगायला काय उरलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो आणि आंघोळ करून तसाच बसून राहिलो. कपडे घातलेले, पायात चपला, आणि जायला जागा नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, चहा घ्या. मी नको म्हटलं. तेवढ्यात बेल वाजली.

त्यांची मुलगी होती. एकटीच आली होती, द्वारकेहून चालत. अंगावर कालचेच कपडे, शाल आईची. डोळे सुजलेले. म्हटलं, वहिनी कशा आहेत. झोपल्यात, म्हणाली. आत ये म्हटलं तर येईना. उंबऱ्याशीच उभी राहिली, एक हात चौकटीवर.

"काका," ती म्हणाली. मग थांबली. वरून विमान चाललं होतं. ते गेल्यावर म्हणाली, "एवढे दिवस तुम्ही रोज सकाळी बसायचात. मी नसताना." तिने शाल ओढून घेतली. "माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का?"

डॉक्टरने सांगितलेलं सगळं तिला ठाऊक होतं. गेटवर आपण मला काय बोललो होतो तेही तिला ठाऊक होतं. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती, आणि माझी परीक्षाही घेत नव्हती. ती नुसती विचारत होती.

मी चपला काढल्या. तिचा हात धरून तिला आत घेतलं, सुनेला दोन कप चहा टाकायला सांगितला आणि माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस," मी म्हटलं. "वेळ लागेल."